१ मार्चची सुट्टी कोणी द्यायची?

आमच्याकडे कार्डिफला, म्हणजे वेल्सच्या राजधानीत, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सगळा धावपळीचा असतो. २७ तारखेला मराठी भाषा दिन, म्हणजे मुलीकडून कुसुमाग्रजांची एखादी कविता पाठ करून घ्यायची आणि व्हिडिओ कॉलवर आजीला म्हणून दाखवायची, आणि लगेच दोन दिवसांनी १ मार्च, म्हणजे काळी उंच टोपी, लाल शाल, चौकडीचा स्कर्ट, पांढरा एप्रन आणि छातीवर डॅफोडिलचं पिवळं फूल, कारण त्या दिवशी शाळेत सेंट डेव्हिड्स डे असतो, वेल्सच्या संताचा दिवस. सकाळी हॉलमध्ये मुलं वेल्शमध्ये गाणी म्हणतात, कविता म्हणतात, मोठ्या वर्गांची आयस्तेदवोद होते, म्हणजे गाण्याकवितांची स्पर्धा, आणि पालकांना बघायला बोलावतात. १० वाजता.

आता १० वाजता कोण येऊ शकतं? गेली काही वर्षं मी त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकते. माझ्या ऑफिसचं हेड ऑफिस इंग्लंडमध्ये आहे, कॅलेंडर सगळ्यांना एकच, त्यात १ मार्चसमोर काहीही लिहिलेलं नसतं. एका वर्षी क्लायंटची मीटिंग नेमकी त्याच वेळेला लागली, रजा मंजूर असूनही मला लॉगिन करावं लागलं आणि मुलीचं गाणं मी नंतर दुसऱ्या एका आईच्या फोनवर बघितलं. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाची आई सफाईचं काम करते, तिला तर रजेचा प्रश्नच येत नाही, ती कामावर गेली नाही तर त्या दिवसाचे पैसेच नाहीत. तिने आजवर हा कार्यक्रम एकदाही बघितलेला नाही. आणि ती वेल्श आहे, तिच्या घरात सातआठ पिढ्या इथल्याच, मी बाहेरून आलेली. मला बघायला मिळतं आणि तिला मिळत नाही, हे मला फार खटकतं, आणि या लेखाची सुरुवात खरं तर तिथूनच झाली.

तर मुद्दा सरळ आहे. वेल्सच्या संताचा दिवस वेल्समध्ये सार्वजनिक सुट्टीचा नाही. स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूचा दिवस आहे, २००७ पासून. नॉर्दर्न आयर्लंडला सेंट पॅट्रिकचा दिवस १९०३ पासून सुट्टी आहे. वर्षाच्या बँक हॉलिडे, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्ट्या, मोजल्या तर नॉर्दर्न आयर्लंडला १०, स्कॉटलंडला ९, आणि इंग्लंड आणि वेल्सला मिळून ८. हे 'मिळून' लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. माझं म्हणणं असं की १ मार्चला सुट्टी असावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती द्यायची की नाही हे वेल्सने ठरवावं, कार्डिफच्या सेनेदने, म्हणजे इथल्या संसदेने. लंडनने नाही.

पण आधी त्या माणसाबद्दल, कारण बहुतेकांना डॅफोडिल माहीत असतं, माणूस माहीत नसतो. इथले लोक त्याला डेव्हिड म्हणत नाहीत, डेवी म्हणतात, डेवी सांत. (उच्चार आपल्या 'देवी'च्या इतका जवळ जातो की गोंधळ होऊ नये म्हणून मी ड लिहितेय.) सहाव्या शतकातला माणूस, मृत्यू १ मार्चला, साल सहसा ५८९ दिलं जातं. पॅट्रिक आयर्लंडमध्ये जन्मलेला नव्हता, अँड्र्यू तर गॅलिलीचा कोळी, इंग्लंडचा जॉर्ज कधी इंग्लंडला आलाच नाही, या चौघांत एकटा डेवी आपल्याच देशात जन्मला, तिथेच राबला आणि तिथेच गेला. पश्चिम टोकाला पेम्ब्रोकशरमध्ये, समुद्राच्या कड्यावर. त्याची आई नॉन. चरित्रात स्पष्ट लिहिलंय की केरेडिजिऑनचा राजा सांत याने तिच्यावर जबरदस्ती केली आणि त्यातून डेवी झाला. म्हणजे देशाच्या संताची गोष्ट एका अत्याचारापासून सुरू होते आणि लिहिणाऱ्याने ते लपवलेलं नाही. भर वादळात त्या कड्यावर तिने बाळाला जन्म दिला, तिथे झरा फुटला असं सांगतात, तो झरा आजही आहे, शेजारी चॅपलचे पडके दगड आहेत, खाली खाडीला तिचं नाव आहे. आम्ही गेलो होतो तेव्हा वारा इतका की उभं राहवत नव्हतं. डेवीचं कथीड्रल तिथून चालत अर्ध्या तासावर, पण मला त्या झऱ्यापाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

पुढे डेवीने मठ काढला आणि त्या मठाचे नियम वाचले की धसका बसतो. नांगराला बैल नाहीत, जू साधूंनी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं. जेवायला भाकर, भाजीपाला आणि मीठ. प्यायला पाणी, म्हणून त्याचं एक नावच 'पाणीवाला डेवी' असं पडलं. थंड पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहून प्रार्थना. आणि मला सगळ्यात आवडणारा नियम, कोणी 'माझं पुस्तक' म्हणायचं नाही, म्हटलं तर प्रायश्चित्त, कारण माझं असं काही नसतंच. चमत्कार एकच सगळ्यांना माहीत असतो, ल्हान्डेवी ब्रेवी गावातला. मोठी धर्मसभा भरली होती, गर्दीत मागच्यांना कोणाचंच ऐकू जाईना, डेवी बोलायला उभा राहिला आणि त्याच्या पायाखालची जमीनच वर आली, टेकडी झाली, आणि खांद्यावर पांढरं कबूतर येऊन बसलं. चर्चमधल्या चित्रांत तो कबुतरासकट असतो तो त्यामुळे.

मरण्याआधीच्या रविवारी त्याने लोकांना सांगितलं की आनंदी रहा, आपला विश्वास सांभाळा, आणि ज्या लहानसहान गोष्टी मला करताना बघितल्यात, माझ्याकडून ऐकल्यात, त्या करत रहा. वेल्श भाषेतल्या चरित्रात हे येतं, त्याची प्रत १३४६ मधली. 'पेथाय बखाइन', लहानसहान गोष्टी. आज हे शब्द मगवर, टीशर्टवर, शाळेच्या भिंतीवर, सगळीकडे आहेत.

आता हे सगळं आपल्याला कुठून कळलं? जुनं असं चरित्र एकच, लॅटिनमध्ये, ऱ्हिगिवार्ख नावाच्या माणसाने लिहिलेलं, अकराव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे डेवी गेल्यावर जवळजवळ पाचशे वर्षांनी. इतिहास म्हणून त्यातलं किती धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ऱ्हिगिवार्खने ते कधी लिहिलं आणि का लिहिलं हे मात्र बघायलाच हवं. त्याचा बाप सिलियेन सेंट डेव्हिड्सचा, म्हणजे डेवीचं कथीड्रल आहे त्या गावाचा, बिशप होता. १०८१ मध्ये विल्यम द कॉन्करर स्वतः तिथे येऊन गेला. आला तो दर्शनाला म्हणून, पण इंग्लंड जिंकलेला राजा वेल्सच्या पार टोकाशी येऊन उभा राहतो म्हणजे काय हे तिथल्या लोकांना कळत नसणार का. पुढे १०९३ नंतर नॉर्मन, म्हणजे विल्यमचे लोक, आत घुसले, आणि ऱ्हिगिवार्खने त्यावर लॅटिनमध्ये एक शोकगीतही लिहिलंय. जमीन चाललीय आणि त्यासोबत चर्चसुद्धा चाललंय, कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, म्हणतोय की वेल्सचे बिशप माझ्या हाताखाली. अशा वेळी हा माणूस बसून डेवीचं चरित्र लिहितो आणि त्यात सांगतो की डेवी हा आर्चबिशप होता, सगळ्या सभेने त्याला मान दिला, त्याचं स्थान कोणाच्याही खाली नाही. म्हणजे आमच्या चर्चचे निर्णय आमच्याकडे व्हायचे आणि तसेच व्हावेत. भक्ती त्यात आहेच, खरी आहे, पण त्या भक्तीच्या पोटात हा सवाल आहे की ठरवणार कोण.

आणि तोही पहिला नव्हता. त्याच्या आधी दीडशे वर्षं एका वेल्श कवितेत भाकीत आहे की सगळे मिळून सॅक्सनांना, म्हणजे इंग्रजांना, हाकलून देतील आणि पुढे झेंडा डेवीचा असेल. मागून गेराल्ड आला, पेम्ब्रोकशरमध्येच जन्मलेला, नॉर्मन आणि वेल्श अशा मिश्र घराण्यातला. ११९९ मध्ये सेंट डेव्हिड्सच्या लोकांनी त्याला बिशप म्हणून निवडलं, कँटरबरीला तो नको होता, कारण हा माणूस सेंट डेव्हिड्सला स्वतंत्र करायला निघाला होता. चार वर्षांत तीनदा रोमला गेला. त्या काळात, आल्प्स ओलांडून, कागदपत्रं घेऊन. हरला. १२०३ ला सोडून दिलं. पोपकडून डेवीचं संतपण ११२० मध्येच मान्य झालेलं होतं, सेंट डेव्हिड्सच्या दोन वाऱ्या म्हणजे रोमची एक असंही मानलं जायचं, म्हणजे मान भरपूर मिळाला, अधिकार मिळाला नाही. मला हे वाक्य लिहिताना आजचंच लिहितेय असं वाटतंय.

वेल्सचं चर्च कँटरबरीतून सुटलं कधी माहितीये? १९२० ला. कायदा १९१४ चा, मध्ये महायुद्ध आलं म्हणून लांबला. गेराल्ड हरल्यानंतर सातशे वर्षांहून जास्त. आणि आज कोणी म्हणतं का की त्याने काही बिघडलं? इंग्लंडचं चर्च चाललंय, वेल्सचं चाललंय, दोघं आपापले आर्चबिशप निवडतात.

मधल्या काळात या दिवसाचं काय काय झालं ते थोडक्यात सांगते कारण त्यातलं सगळं सुखाचं नाही. १५३८ ला बिशप बार्लोने डेवीची समाधी उखडली. लंडनमध्ये १ मार्च हा वेल्श माणसाची टर उडवायचा दिवस झाला, सॅम्युअल पीप्सने १ मार्च १६६७ च्या डायरीत लिहिलंय की रस्त्यात वेल्श माणसासारखे कपडे घातलेली आकृती गळ्याला दोर लावून टांगलेली दिसली. १७४६ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की यापुढे कायद्यात 'इंग्लंड' म्हटलं की त्यात वेल्स आलं, वेगळं नाव घ्यायची गरज नाही, आणि ते वेल्सपुरतं रद्द व्हायला १९६७ उजाडलं. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोललं म्हणून मुलांच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला छडी. १८४७ ला सरकारी रिपोर्ट आला, त्यात ही भाषा म्हणजेच मागासलेपणाचं कारण अशा थाटात लिहिलं होतं, तो रिपोर्ट इथे आजही विश्वासघात या नावाने ओळखला जातो. म्हणून ज्या शाळेत गळ्यात पाटी अडकवायचे तिथेच आता १ मार्चला पाच वर्षांची पोरं वेल्शमध्ये गातात याला वजन आहे. गोड कार्यक्रम म्हणून मोबाईलवर शूट करून विसरून जाण्याएवढा तो लहान नाहीये.

आता सुट्टीचं. सन २००० मध्ये वेल्सच्या असेंब्लीने, म्हणजे आजच्या सेनेदने, एकमताने ठराव केला की १ मार्च सार्वजनिक सुट्टी व्हावी. एकमताने, म्हणजे सगळे पक्ष, एरवी रस्त्यावरच्या खड्ड्यावरही ज्यांचं जमत नाही ते सगळे. काही झालं नाही, कारण अधिकारच नव्हता. २००६ च्या एका पाहणीत ८७ टक्के लोकांनी सुट्टी हवी म्हटलं आणि ६५ टक्के लोक त्यासाठी दुसरी एखादी सुट्टी सोडायला तयार होते. २००७ ला लोकांनी पंतप्रधानांकडे अर्ज केला, टोनी ब्लेअर यांच्या कार्यालयाने तो नाकारला. २०२२ ला वायव्येकडच्या ग्विनेद काउंसिलने परत मागणी केली, ती पण नाकारली गेली, तेव्हा काउंसिलने स्वतःच्या खर्चाने, सुमारे २ लाख पौंड, आपल्या कर्मचाऱ्यांना त्या दिवशी सुट्टी दिली. बाकी दुकानं, कारखाने, ऑफिसं चालूच.

नाकारताना कारण काय दिलं, तर वेल्स आणि इंग्लंडची सीमा रोज ओलांडून कामाला जाणारे लोक स्कॉटलंडच्या सीमेपेक्षा जास्त आहेत, सुट्टी वेगळी ठेवली तर धंद्यांची गैरसोय होईल. हे कारण मी शांतपणे विचारात घेतलं, कारण माझं स्वतःचं ऑफिस नेमकं त्यातच बसतं. रेक्सममधून चेस्टरला, चेपस्टोमधून ब्रिस्टलला रोज जाणारे लोक मलाही माहितीयेत. पण मग हे सांगा, या सीमेवर आत्ताच किती गोष्टी वेगळ्या आहेत? प्रिस्क्रिप्शनचे पैसे इंग्लंडमध्ये लागतात, वेल्समध्ये लागत नाहीत. शाळांचा अभ्यासक्रम वेगळा. वस्तीतली स्पीड लिमिट वेगळी. कोविडमध्ये तर कित्येक आठवडे दोन्हीकडचे नियमच वेगळे होते. लोकांनी सांभाळलं. वर्षातला एक दिवस, ज्याची तारीख सोळाशे वर्षांत... नाही, चौदाशे वर्षांत बदललेली नाही, तो सांभाळता येणार नाही?

आणि दुसरं कारण नेहमी पैशाचं देतात, एक दिवस बंद म्हणजे अर्थव्यवस्थेचं नुकसान. ज्या २०२२ मध्ये ग्विनेदला नाही म्हटलं त्याच वर्षी जूनमध्ये राणीच्या सत्तर वर्षांच्या राज्यारोहणानिमित्त एक जास्तीची सुट्टी मिळाली. सप्टेंबरमध्ये राणीच्या अंत्यसंस्काराची सुट्टी मिळाली, ती तर जेमतेम नऊ दिवस आधी जाहीर झाली. पुढच्या मे महिन्यात राज्याभिषेकाची मिळाली. वर्षभरात तीन. मी त्या सुट्ट्यांना नावं ठेवत नाहीये, लोकांना त्या दिवशी एकत्र यावंसं वाटत होतं आणि सरकारने ते ओळखलं, बरोबरच केलं. पण म्हणजे मनात असेल तर नऊ दिवसांत सुट्टी देता येते. २००० सालचा ठराव अजून तसाच पडून आहे.

यावर इथले इंग्रज सहकारी मला विचारतात की तुमच्याकडे कसं असतं, आणि मी सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. महाराष्ट्र सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी स्वतः काढतं. शिवजयंती, गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन. ती यादी निघते १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम २५ खाली, हा कायदा इंग्रजांच्याच राजवटीतला, त्यात अधिकार केंद्राचा, आणि केंद्राने तो राज्यांकडे सोपवलेला आहे. म्हणजे कायदा मोडावा लागला नाही, देश फुटला नाही, केंद्राने एक अधिसूचना काढली आणि प्रत्येक राज्य आपले दिवस आपण ठरवायला लागलं. केरळला ओणम, आसामला बिहू, आपल्याला पाडवा. पुण्याची कंपनी आणि बंगळुरूची कंपनी, दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या, मी स्वतः दोन्हीकडे काम केलंय, वर्षाच्या सुरुवातीला एक शीट फिरते त्यात सगळ्यांच्या सुट्ट्या असतात आणि बास. जे दिल्लीने राज्यांना दिलं तेवढंच लंडनने कार्डिफला द्यायचंय.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो आणि तो विरोधकांचा नाही, शिक्षिकांचा आहे. त्या म्हणतात, सुट्टी दिलीत तर शाळा बंद, शाळा बंद तर आयस्तेदवोद बंद, मुलं घरी टीव्हीसमोर, आणि हा दिवस मॉलमधल्या सेलचा दिवस होऊन बसेल. यात तथ्य आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे १७.८ टक्केच निघाले, म्हणजे बहुतेक घरांत हा दिवस शाळेतून येतो, घरातून शाळेत जात नाही. शाळाच बंद ठेवली तर आमच्यासारख्या घरांत तो येणारच नाही. यावर मी बरेच दिवस विचार करत होते आणि उत्तर मला माझ्या लहानपणातच सापडलं. १ मे. सुट्टीचा दिवस. आणि तरी सकाळी सातला इस्त्रीचा गणवेश घालून शाळेत, झेंडावंदन, महाराष्ट्रगीत, मग वर्गात निकाल, आणि साडेनऊला घरी. आईबाबांनाही सुट्टी म्हणून तेही आलेले, मागे उभे. २६ जानेवारी तसंच, १५ ऑगस्ट तसंच. सुट्टी आहे आणि शाळेतही जायचंय यात आम्हाला कधी काही विरोध वाटलाच नाही, उलट त्या दिवशीची शाळा वेगळीच वाटायची कारण अभ्यास नाही आणि मोठी माणसं मोकळी.

आणि इथे पण हे नवीन नाही! इथली सत्तरीची माणसं सांगतात की त्यांच्या लहानपणी १ मार्चला सकाळी शाळेत आयस्तेदवोद आणि दुपारी सुट्टी असायची. ती अर्धी सुट्टी बहुतेक ठिकाणी हळूहळू गेली. तीच परत आणा, फक्त यावेळी मोठ्यांनाही द्या. सकाळी १० ला हॉलमध्ये मुलं गातील आणि ती सफाईचं काम करणारी आई पहिल्या रांगेत बसलेली असेल.

मला एका ओळखीच्या बाईंनी, चर्चला नियमित जाणाऱ्या, फार मनापासून सांगितलं होतं की डेवीने लहानसहान गोष्टी करायला सांगितल्या, त्याला मोठी सरकारी सुट्टी कशाला, त्याला ती आवडलीही नसती. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. तो म्हणाला ज्या गोष्टी मला करताना *बघितल्यात* त्या करा. बघायला माणसं जवळ असावी लागतात, त्यांना वेळ असावा लागतो. मुलाचं गाणं ऐकायला जाणं, म्हाताऱ्या शेजाऱ्याला काउल नेऊन देणं, म्हणजे तो मटण आणि लीकचा (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी) रस्सा, नॉनच्या झऱ्यापर्यंत चालत जाणं, या लहान गोष्टीच आहेत आणि त्या प्रत्येकीला मंगळवारी सकाळी ऑफिसातून सुटका लागते. बैलांऐवजी स्वतःच्या खांद्यावर जू घेणाऱ्या माणसाच्या नावाने, राबणाऱ्यांना एक दिवस मोकळा मिळाला तर त्याला वाईट वाटलं असतं असं मला तरी वाटत नाही.

संत म्हणजे धर्म, आणि वेल्समध्ये आता कुठलाच धर्म नाही म्हणणारे ४६.५ टक्के आहेत, ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपेक्षा जास्त, तर मग संताची सुट्टी कशी, हाही प्रश्न येतो. आमचं घर हिंदू, माझ्या मुलीच्या मैत्रिणींमध्ये सोमाली आहेत, बंगाली मुसलमान आहेत, ज्यांच्या घरी कोणीच चर्चला जात नाही अशा तर कितीतरी. सगळ्या त्या दिवशी डॅफोडिल लावतात. कोणाच्या आईवडिलांनी त्यावर हरकत घेतलेली मी ऐकली नाही. कारण तो दिवस इथे राहणाऱ्यांचा झालाय. आणि तो पोशाख, ती उंच टोपी, हे सगळं एकोणिसाव्या शतकात लेडी लॅनोव्हर या श्रीमंत घरातल्या बाईने आणि तिच्यासारख्यांनी घडवलं, खरी परंपरा नव्हेच असं कोणी म्हटलं तर, हो, १८३४ च्या कार्डिफच्या आयस्तेदवोदमध्ये वेल्श भाषा आणि पोशाखावर निबंध लिहून तिने बक्षीस घेतलं होतं, डॅफोडिलही लॉइड जॉर्ज या वेल्श राजकारण्याच्या काळात पुढे आलं, त्याआधी लीकच होता. मग काय झालं? दीडदोनशे वर्षं आया रात्री बसून त्या शाली शिवतायत.

एक सावधगिरी मात्र हवी. स्कॉटलंडच्या २००७ च्या कायद्याची नक्कल नको. त्यात बँकांनी बंद ठेवलंच पाहिजे असं नाही, मालकाने सुट्टी दिलीच पाहिजे असं नाही, त्यामुळे कागदावर सुट्टी आणि ऑफिसात नेहमीचाच दिवस असं कित्येकांचं होतं. तसली सुट्टी माझ्यासारखीला मिळेल, एचआर चांगला असेल तर, पण दुकानात, केअर होममध्ये, गोदामात तासावर काम करणाऱ्यांना मिळणार नाही, आणि ज्यांच्यासाठी मी हे लिहितेय ती माणसं तीच आहेत. म्हणून सेनेदच्या हातात अधिकार आला की पहिल्याच दिवशी हेही ठरवायला हवं की तासावर काम करणाऱ्याचे त्या दिवसाचे पैसे बुडणार नाहीत, आणि ज्यांना कामावर यावंच लागतं, नर्सेस, बसचालक, त्यांना बदली सुट्टी. पैसे लागतील. लागू देत, त्यावर कार्डिफमध्ये वाद होऊ देत, सेनेदमध्ये एखादा पक्ष म्हणेल की परवडत नाही आणि मतदान होईल आणि कदाचित पहिल्या वर्षी आम्ही हरू सुद्धा. ते मला चालेल. तो निर्णय ज्यांना इथे मतं मागायची आहेत त्यांनी घेतलेला असेल.

बदलायचंय ते एवढंच. १९७१ चा बँकिंग अँड फायनान्शियल डीलिंग्ज अॅक्ट, त्याला जोडलेली सुट्ट्यांची अनुसूची. त्यात तीन याद्या आहेत. एकीवर लिहिलंय स्कॉटलंड. एकीवर नॉर्दर्न आयर्लंड. आणि पहिलीवर लिहिलंय 'इंग्लंड आणि वेल्स'. त्या एका यादीच्या दोन याद्या करायच्या आणि दुसरी कार्डिफकडे पाठवून द्यायची.